माझं बक्षीस, माझ्याच हातानं

एका गोष्टीत या व्यंकोबाचा हात कुणी धरू शकणार नाही. पळून जाण्यात! कॉलेजच्या ग्रंथालयात छत्तीस वर्षं नोकरी केली आणि निरोप समारंभात भाषण करावं लागू नये म्हणून मागच्या दारानं घरी आलो. हार दुसऱ्या दिवशी शिपायानं आणून दिला. स्वतःच्या लग्नातूनही पळालो असतो, पण मंडपामागं कावेरी होती आणि मला पोहता येत नाही.

असा मी एकाहत्तराव्या वर्षी व्हायोलिन शिकायला लागलो. व्हायोलिनवरची तीन पुस्तकं वाचली आणि वाटलं, जमेल. पुस्तकात सगळं जमतं! हातात घेतलं की ते दारात शेपूट अडकलेल्या मांजरासारखं ओरडायचं. आमचं खरं मांजर आठवड्यात शेजारी राहायला गेलं.

आमच्या मेलकावेरीत लक्ष्मीप्रिया व्हायोलिन शिकवते. वय सव्वीस. वर्गात आम्ही चौदा जण, त्यातले तेरा दहा वर्षांच्या आतले. सहा महिने झाले आणि तिनं जाहीर केलं, विजयादशमीला प्रत्येकानं लोकांसमोर सरळी वरिसै वाजवायची. म्हणजे सा रि ग मची बाराखडी. तेव्हापासून माझी झोप उडाली.

घरी बायकोनं, भवानीनं बजावलं, "या खेपेला पळालात तर व्हायोलिन नातीला, लावण्याला देऊन टाकीन. ती निदान वाजवेल तरी!"

"मी कुठं पळतो?"

"तुम्ही? तव्यावरचा डोसा उलटायच्या आत पळता!"

आयुष्यभर मी सगळं नुसतं वाचलं होतं. केलेली अशी ही एकच गोष्ट. वाईट वाजत होती, पण माझी होती.

विजयादशमीला भवानीनं मला तिरुभुवनमचं रेशमी धोतर नेसवलं. हात मात्र रिकामे, कारण आदल्या दिवशी सरस्वतीपूजेसाठी वर्गातली सगळी व्हायोलिनं देवीपुढं ठेवलेली. हॉलवर पोचताच भवानी बायकांबरोबर प्रसादाच्या उसळीचे द्रोण भरायला स्वयंपाकघरात गेली. मागचं दार कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज घेत मी पुढच्या दारातून शिरलो.

दारात लक्ष्मीप्रियाचा भाऊ जयकुमार. कालच चेन्नईहून आलेला, इथं कुणाला ओळखत नव्हता. माझं धोतर बघून तो कमरेत वाकला.

"वांगो, या या, सार! तुमचीच वाट बघतोय!"

"मी... ते व्हायोलिन..."

"व्हायोलिन म्हटलं की तुम्हीच, सार!"

गळ्यात हार पडला, अंगावर शाल पडली, खाली खुर्ची आली. मग मला मागचा फलक दिसला: 'प्रमुख पाहुणे, तिरुप्पनंदाळचे विद्वान नरसिंह.' 'तो मी नव्हे' असं सांगायचं तर ऐंशी लोकांसमोर तोंड उघडावं लागणार! शिवाय, खोटं कशाला बोलू, पाहुण्याला वाजवावं लागत नाही, हेही मनात आलं. मी शाल सावरून घेतली.

तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. चुरगळलेलं सुती धोतर, रबरी चपला, बसमधून उतरून थेट आलेला. काखेत व्हायोलिनची पेटी.

"काय आजोबा, इतका उशीर?" जयकुमार ओरडला. "वर्गातले ते वयस्कर विद्यार्थी तुम्हीच ना, व्यंकोबा? चला, मुलांच्या ओळीत बसा!"

म्हाताऱ्यानं फलक वाचला. मग मला हारापासून पायापर्यंत वाचलं. मी छापखान्यातून चुकीचं बांधून आलेल्या पुस्तकासारखा बसून राहिलो. तो किंचित हसला आणि दोन सात वर्षांच्या पोरांमध्ये मांडी घालून बसला. पोरं माझ्याकडं बोट दाखवून खिदळली, तर जयकुमारनं त्यांनाच दटावलं.

लक्ष्मीप्रिया आतल्या खोलीत चौदा व्हायोलिनं सुरात लावत होती. जयकुमारनं माइक घेतला. "आधी वयानं मोठे! व्यंकोबा!"

म्हाताऱ्यानं व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवलं आणि सरळी वरिसै सुरू केली. तीच, जिचा मी सहा महिने गळा दाबत होतो! पोरांची चुळबुळ थांबली. मीही मागचं दार शोधायचं थांबलो. लक्ष्मीप्रिया हातात तुटकी तार घेऊन धावत बाहेर आली आणि मागच्या दारातच खिळली. विद्वानांना मध्येच थांबवणार कोण?

वाजवणं संपलं, विद्वानांनी लक्ष्मीप्रियाला डोळ्यांनीच थोपवलं आणि जयकुमारनं पुन्हा माइक घेतला. "फक्त सहा महिने शिकलेत हो! प्रगतीचं बक्षीस यांनाच! पाहुण्यांनी द्यावं आणि चार शब्द बोलावेत!"

हातात पितळी समई आली, तोंडासमोर माइक आला. मागचं दार दिसत होतं, पण त्यात लक्ष्मीप्रिया उभी! चार शब्द कुठले, मला तीनच सुचले.

"छान. सराव करा!"

"करतो," विद्वान नम्रपणे म्हणाले. मग समई घेताना कानाशी पुटपुटले, "साठ वर्षांनी मला कुणीतरी विजयादशमीला शिष्यांच्या ओळीत बसवलं. आनंद झाला. पण बक्षीस तुमच्या नावाचं आहे. उद्या सकाळी दहाला घरी आणून देतो. आधी वाजवून दाखवायचं!"

परतताना भवानीनं मला कोपऱ्यावर थांबवलं.

"वाजवत होते ते तुम्ही नव्हतात," ती म्हणाली.

"स्वयंपाकघरातून कसं कळलं?"

"एकाही बाईनं उठून खिडकी लावली नाही."

मी सगळं सांगून टाकलं. "म्हणजे व्हायोलिन लावण्याला?"

"उद्या त्यांच्यासमोर वाजवलंत तर तुमचं. पळालात तर तिचं."

आता दहाला पाच कमी आहेत. व्हायोलिन समोर आहे. वाजवण्याऐवजी हे लिहीत बसलोय. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. आत्ताच मागच्या दारापर्यंत जाऊन आलो. नुसता वारा घ्यायला, गैरसमज नको! भवानीनं बाहेरून कडी घातली आहे.

मांजर हुशार. वेळेवर गेलं.