तिसऱ्या टाळीचा वास

घराबाहेर पडताना हातांवर जंतुनाशक मारायचं, हा इनागाकींचा शिरस्ता. चष्मा कपाळावर होता, म्हणून दाराजवळची हाताला लागेल ती बाटली उचलून त्यांनी चार फवारे मारले आणि मनगटापर्यंत चोळले.

"अहो, ते अत्तर आहे," त्यांची बायको चिएको आतून म्हणाली. "लेकीनं मला पाठवलंय."

इनागाकी चहाचे पारखी आणि खरेदीदार. एकतीस वर्षांत त्यांनी लसूण खाल्ला नव्हता की वासाचा साबण वापरला नव्हता. आज जपानातल्या शिझुओकाकडच्या त्यांच्या बाजारात हंगामातला पहिला चहा येणार होता आणि वास मारणारा कुणीही हंगामभर बाहेर, असा तिथला नियम.

त्यांनी पाच वेळा हात धुतले. वास गेला नाही, उलट ताजातवाना झाला. नुकतंच कापलेलं गवत, चुरगळलेली टोमॅटोची पानं. पाचव्या खेपेला त्यांच्या लक्षात आलं, की आपण हात धुवायला नाही, हुंगायला आलोय.

"पोट बिघडलंय म्हणून कळवा," चिएको म्हणाली.

"पारख्याचं पोट बिघडलं, तर चहा कोण पिईल?"

शेवटी शेजारच्या टॅक्सीवाल्याचे पांढरे हातमोजे घालून ते गेले. मोज्यांतूनच त्यांनी सगळे चहा पारखले आणि चहा पिकवणाऱ्या फुमी आजींचा निवडला. आता घेणारा, विकणारा आणि मध्यस्थ यांनी मिळून तीन टाळ्या वाजवल्या, की सौदा पक्का.

"इनागाकी, तुमची टाळी ऐकू येत नाही," मध्यस्थ मात्सुनागासाहेब म्हणाले. "मोजे काढा."

तिसऱ्या टाळीला अख्ख्या बाजारात कुणीतरी गवत कापल्यासारखं झालं.

"अत्तर लावलंय कुणीतरी," साहेब म्हणाले. "इनागाकी, तुमचं नाक कधी चुकत नाही. शोधा."

इनागाकी रांगेतल्या एकेकाला गंभीरपणे हुंगत निघाले. प्रत्येकाकडे हिरवाच वास येत होता, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी बरं वाटत होतं. फुमी आजींपाशी येताच आजी रडवेल्या झाल्या.

"सुनेनं कपडे धुताना वासाचं काहीतरी घातलंय हो. मला काढा, पण माझा चहा घ्या."

आता इनागाकींना राहवेना. "तुम्ही नाही आजी. मी." त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले.

साहेबांनी एक हात हुंगला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.

"एकतीस वर्षं तुम्हाला कसलाच वास नव्हता," ते म्हणाले. "माझी बायको विचारायची, हा माणूस आहे ना नक्की?"

"मी उद्यापासून येत नाही, साहेब."

"का? बंदी पारखताना आहे. तेव्हा मोजे होते. टाळीला नियम नाही."

इनागाकींनी सुटकेचा श्वास सोडला आणि तळव्यांवरून लगेच परत आत घेतला.

"अत्तर मात्र उद्यापासून घरीच," साहेबांनी बजावलं.

फुमी आजींनी डोळे पुसले. "अहो पारखी, ती टाळी पुन्हा वाजवा बघू. मघाशी नीट ऐकू आली नाही."

"मलाही नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी नाक पुढे केलं.