धोंडबातात्यांना बाजार वर्ज्य

झरीच्या आठवडी बाजारात मिठाशिवाय काही घ्यायचं नाही, असा धोंडबातात्यांचा नेम होता. मीठ घेतानाही ते दुकानदारालाच ऐकवत, "रानात घावलं असतं तर हेबी घेतलं नसतं."

ओढ्याकाठी त्यांचं थोडं शेत आणि एक खोपट होतं. त्याला लागून माझं शेत. बायको वारली, एकुलती एक लेक गोदा बोरीला नांदायला गेली, तसं तात्यांनी गावातलं घर भावाच्या मोठ्या कुटुंबाला देऊन टाकलं आणि खोपटात मुक्काम हलवला. दोर हवा असला की पळसाची मुळं ठेचून वाख काढायचे. डोकं धुवायला रिठे, विस्तवाला चकमक. माझ्या हातात काडीपेटी दिसली की म्हणायचे, "लय ऐदी झालास बग. उद्या घासबी दुसऱ्याकडून चावून घेशील." मला राग यायचा, पण काडी ओढताना हात आखडायचा.

तेव्हा निजामाचं राज्य. दौऱ्यावरचे महसुलाचे गिरदावर साहेब एकदा पावसात अडकले आणि तात्यांच्या खोपटात शिरले. तात्यांनी भाकरी आणि तरोट्याची रानभाजी पुढं केली. साहेबांनी घास घेतला आणि विचारलं, "क्या घास खिला रे मियाँ?"

"घास न्हाई सायेब, तरोटा हाय. जनावर ह्याला तोंड लावत न्हाई. फकस्त मानसं खातेत."

साहेबांनी भाजी परत मागून घेतली.

पुढं गोदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तात्या हरखून गेले. डोंगरात हिंडून लाडवांसाठी धावड्याचा डिंक आणला, मध काढला, बाज नव्यानं विणली. तेवढ्यात व्याह्यांचा निरोप आला, "रानातल्या खोपटात सून पाठवणार न्हाई. गावात घर असंल तर बोला."

"तात्या, गावात माझं घर हाय की," मी म्हणालो.

"कुनाचं ओझं व्हायचं न्हाई मला!" म्हणून ते माझ्यावरच उखडले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर दारात तात्या. अंगात धुतलेली बंडी. माझ्याकडं न बघता ते माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, गोदीसाठी एक खोली मागायलोय. जलमात कुनाला काई मागितलं न्हाई. मागायचं कसं, ते मला येत न्हाई. चुकलं तर सांगा."

बायको म्हणाली, "चुकलं न्हाई, तात्या. लेकीला आणायला कदी जायचं, तेवढं बोला."

तात्या ओट्यावर बसले. पटक्याच्या शेवात तोंड खुपसून ते हमसून हमसून रडले. मला ते बघवेना. मी गोठ्यात गेलो आणि बोरीला जायला गाडी जुंपायला घेतली.