पेंडसे काकूंचं तळं

पेंडसे काकूंचं थालीपीठ कधीच गोल नसतं. ते मशू तळ्याच्या आकाराचं असतं. मशू म्हणजे जपानच्या पार उत्तरेला, होक्कायदोच्या एका कोपऱ्यात, ज्वालामुखीच्या मुखात साचलेलं तळं. थालीपीठात तेलासाठी भोक पाडतात ना, ते त्यातलं बेट. "बेटापासून तोडू नका, किनाऱ्यापासून सुरुवात करा," असं त्या वाढताना बजावतात.

काकू साताऱ्याला भूगोल शिकवायच्या. २०११च्या भूकंपानंतर आमची इथली, जपानमधल्या फुनाबोरीतली मराठी मंडळी मिळेल त्या विमानाने घरी पळत होती, तेव्हा काकू मात्र उलट इकडे आल्या. "जन्मभर भूगोल शिकवला, आता भूकंपाला घाबरू?" खरं कारण होतं सई, त्यांची नात. तिचे आईबाबा दोघंही नोकरीला.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये कुणाची सुटका नाही. लिफ्ट बंद पडो, नाहीतर माझं लग्न लांबो, काकूंचं एकच: "भौगोलिक कारण द्या!" मी म्हटलं, "मुली पुण्यात आणि मी इथे." पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

घरात मात्र त्यांची पंचाईत होती. मराठीत काहीही विचारलं तरी सई जपानीत उत्तर द्यायची. "नातीशी बोलायला मला दुभाषा लागतो हो," एकदा जिन्यात म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं.

सईला उन्हाळ्याची सुट्टी लागली, तेव्हा आम्ही सगळेच मशूला गेलो. तिथे तळंच नव्हतं! नुसतं पांढरंफेक धुकं. काकू कसल्या डगमगतायत! फळ्याकडे पाठ करावी तशी त्यांनी तळ्याकडे पाठ केली, छत्री मागे धुक्यात रोखली आणि खणखणीत मराठीत तास सुरू केला. "हे उभे कडे. मध्ये बेट. यात एकही नदी येत नाही, यातून एकही जात नाही!" जपानी पर्यटक गोळा झाले. छत्री वळेल तिकडच्या धुक्याचे फोटो काढू लागले.

एका आजोबांनी सईला जपानीत विचारलं, "आजी काय सांगतायत?"

सई सांगू लागली. कडे, बेट, नद्या, काही म्हणजे काही गाळलं नाही. मी काकूंच्या कानाशी लागलो. "काकू, तुमचंच सांगतेय. शब्दन् शब्द."

मग काकू एक वाक्य बोलायच्या आणि सईसाठी थांबायच्या.

तेवढ्यात धुकं विरलं. खाली निळंशार पाणी. "आई, मागे बघ, तळं दिसलं!" त्यांचा मुलगा अमोल ओरडला.

काकू वळल्याच नाहीत. भरल्या डोळ्यांनी सईकडे बघत होत्या.

"थांब रे," त्या म्हणाल्या, "तिचं वाक्य पूर्ण होऊ दे."