पंपाचं आवतण

आमच्या मारेगावकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण असते. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सगळं गाव बैलांना आवतण देतं. देवरावभाऊ फवारणीच्या पंपांना देतात.

तेही पोळ्यापुरतं नाही. कपाशीवर फवारणी सुरू झाली की संध्याकाळी हातात वाटी घेऊन निघतात, ज्याच्या त्याच्या ओसरीत खुंटीला टांगलेल्या पंपासमोर गंभीर चेहऱ्यानं उभे राहतात आणि म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या आंघोळीले माह्या वावरात या." वाटीतलं हळद-लोणी मात्र पंपाला नाही, तो पाठीवर वाहणाऱ्या माणसाला. पट्ट्यानं त्याचा खांदा सोलवटलेला असतो. तोही आधी साबणानं आंघोळ करून आला पाहिजे, नाहीतर वाटी पुढं जात नाही. नव्या सुनांना वाटतं, म्हातारा बिघडला. जुन्यांना त्याची खात्रीच आहे.

त्यांचं वावर आणि माझं वावर धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लावून. दोन्हींच्या खालून नाला वाहतो. औषध नाल्याच्या काठावर कालवायचं, फवारणी झाली की पंप त्याच पाण्यात विसळायचा, ही इथली बापजाद्यांपासूनची नसली तरी बापापासूनची रीत. देवरावभाऊंनी नाल्यापासून आणि विहिरीपासून लांब, वरच्या अंगाला खड्डा खणला, भोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि विहिरीच्या पाण्यानं दोन टाक्या भरून ठेवल्या. हे पंपांचं न्हाणीघर. खिशात पोती शिवायचा दाभण असतो. औषधाची रिकामी बाटली दिसली की तिला भोकं पाडतात, म्हणजे कोणी घरी नेऊन तेल भरायला नको. नोझल तोंडानं फुंकताना कोणी सापडला, तर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस होते. बोलण्याच्या आधी आणि शेवटी एकच पालुपद, "सांगून ठेवतो, मंग म्हनसान सांगतलं नाई."

यातली गंमत अशी, की हा माणूस माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंड्याच्या टोपल्यावरून सुद्धा वळसा घालून जाणार. आणि जीव सगळा नाल्यातल्या मासोळ्यांवर. लोक म्हणायचे, भाऊंची माळ गळ्यात अन् जीव गळाले. भाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करत.

हे वेड कुठून लागलं ते मी डोळ्यानं पाहिलं आहे. एका वर्षी उघाड बघून सगळ्या शिवारानं एकाच दिवशी फवारलं, आणि संध्याकाळी ढग फुटल्यासारखा पाऊस पडला. सगळं औषध धुऊन नाल्यात गेलं. सकाळी नाल्यावर मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. खेकडे काठावर येऊन पडले होते. गावाला वाटलं, देवानं आयतीच मेजवानी धाडली. टोपल्या आल्या, मासोळ्या गाळायला लुगडी आली. आमच्या घरातूनही मला पिशवी देऊन पाठवलं होतं.

देवरावभाऊ गुडघाभर पाण्यात उभे होते. विषानं मेल्या आहेत, खाऊ नका, असं सांगून त्यांचा घसा बसला होता. कोणी ऐकेना. ताज्या तर दिसतात, म्हणे. तेव्हा त्यांनी एकाच्या टोपलीतून एक मासोळी उचलली आणि बसक्या आवाजात म्हणाले, "रांधा. आधी मले चारा. माळ काढून ठेवतो. दिवस बुडेलोक मी जित्ता राह्यलो, तर तुम्ही खा."

आणि खरंच त्यांचा हात माळेकडं गेला.

माळकऱ्याची माळ उतरवायची आणि वर त्याला विष चारायचं, एवढं पाप घ्यायला कोणाची छाती होईना. एका बाईनं टोपली काठावर उलटी केली, मग दुसरीनं. त्या मासोळ्या भाऊंनी एकट्यानं खड्डा खणून पुरल्या. त्या दिवशी माझ्या घरात रस्सा शिजला नाही, माझी लेकरं धडधाकट राहिली, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. हे त्यांना तोंडावर सांगायला गेलो की ते मलाच रागावतात.

नाला मात्र मुका झाला होता. दोन पावसाळे बेडूक ओरडला नाही. भाऊ पंपांना आवतण देत फिरत राहिले. आंघोळीला आलेल्या प्रत्येकाला काळा चहा मिळायचा, साखर इतकी की चमचा उभा राहावा. प्यायल्याशिवाय सुटका नाही. हळूहळू दुपारनंतर तिथं चांगलीच बैठक जमू लागली. आणि नाल्यात पुन्हा बोटाएवढ्या मासोळ्या दिसू लागल्या. आता माझे बैल निर्धास्त पाणी पितात.

लोकांनाही पटलं. एकेकानं आपल्याच वावरात वरच्या अंगाला खड्डा खणला. भाऊ स्वतः जाऊन जागा दाखवून आले. आवतण अजून देतात, लोक हसून घेतात, आणि पंप घरच्या खड्ड्यावर धुतात.

यंदा फवारणीच्या दिवसांत मी सहज त्यांच्या वावराकडं पाहिलं. भाऊ टाक्या काठोकाठ भरून वावरातल्या गुरांच्या कोठ्याच्या दारात बसले होते. वहिनी गेल्यापासून ते तिथंच राहतात, मुलगा नागपूरला. चुलीवर मोठं भगोणं, शेजारी धुऊन पालथे घातलेले दहा-बारा पेले. वाटेवर कोणी नव्हतं.

मी घरी आलो, धुऊन टांगलेला पंप खुंटीवरून काढला आणि पाठीला लावून परत गेलो.

भाऊंनी झाकण उघडलं, वास घेतला, नोझल फिरवून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"काहून रे, हा तं धुतेला हाये."

"हो भाऊ."

ते तांब्या घेऊन बसले आणि तो पंप त्यांनी सावकाश, पट्ट्यांसकट, पुन्हा धुतला. मला बसायला पोतं टाकलं. म्हणाले, "उद्याबी घेऊन येजो."