मोजणीदारांची मावशी

बहिणीकडून परत आल्यावर बाईंनी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि सवयीने खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात शिवणाचं मशीन नव्हतं. फरशीवर त्याच्या पायांचे डाग तेवढे होते आणि मध्ये एक बॉबिन पडली होती. मागे ती सापडत नाही म्हणून बाईंनी सगळं घर पालथं घातलं होतं.

"अहो, माझं मशीन कुठंय?"

यजमान वर्तमानपत्राआड होते. वर्तमानपत्र कालचं होतं.

"ते ना," ते आडूनच म्हणाले, "ते इतिहासात गेलं."

यजमान गावच्या इतिहास मंडळाचे चिटणीस होते. गावाचा पहिला नकाशा ज्यांनी काढला, त्या मोजणीदारांचं घर मंडळाकडे सांभाळायला होतं. घर मोठं छान. दारं जाड, जिना शिसवी, खिडक्यांना रंगीत काचा. उणीव होती ती फक्त वस्तूंची. मोजणीदारांच्या मागे एक मोजणीची साखळी, एक काठी आणि एक कंदील एवढंच उरलेलं. ते पाहून लोक आल्या पावली परत जात. मग घर ज्यांच्या मालकीचं होतं त्या सरकारी खात्याने कळवलं, की साहेब पाहणीला येणार आहेत, आणि घरात पाहण्यासारखं काही नसेल तर पाणीखात्याला पाइप ठेवायला जागा हवीच आहे.

मंडळाचं धाबं दणाणलं. सभेत ठरलं, की प्रत्येकाने आपापल्या घरातली एक जुनी वस्तू आणून ठेवायची. जुनी म्हणजे जुनी, तिच्यावर काय नाव लिहिलेलं असतं? एका सभासदाने सासऱ्यांचं घड्याळ आणलं. सासरे अजून हयात होते, ते रोज वेळ बघायला तिथे येऊ लागले. चिटणिसांच्या घरात बाईंच्या मशीनइतकं जुनं काही नव्हतं, आणि बाई नेमक्या बहिणीकडे होत्या. मशीन हातगाडीवरून गेलं. त्याच्याभोवती दोरी लागली, पाटी लागली: 'मोजणीदारांच्या पत्नीचे शिवणयंत्र'.

हे सगळं ऐकून घेतल्यावर बाईंनी एवढंच सांगितलं, की मशीन उद्या सकाळी घरी हवं. त्या काळी तयार कपड्यांची दुकानं आतासारखी वळणावळणावर नव्हती. तान्ह्या बाळाचे कपडे घरीच शिवायचे, जुन्या मऊसूत कापडाचे. भाचीचे दिवस भरत आले होते, पहिलटकरीण, आणि "मावशीच्या हातचीच झबली" असं तिने हट्टाने सांगून ठेवलं होतं. पिशवीत बेतलेले तुकडे तयार होते. शिवाय हे मशीन काही माहेरहून आलेलं नव्हतं की यजमानांनी आणलेलं नव्हतं. शेजारपाजारच्या गाद्यांचे अभ्रे शिवून शिवून बाईंनी ते स्वतःच्या जिवावर घेतलं होतं.

"परत नाही गं आणता येत," चिटणीस म्हणाले. "दोरीच्या आत गेलेली वस्तू ठरावाशिवाय बाहेर काढता येत नाही. तसा नियमच आहे."

"कुणी केला नियम?"

"मीच."

ठराव कधी होईल, असं बाईंनी विचारलं. साहेब येऊन गेल्यावर, असं उत्तर मिळालं. साहेब कधी येणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी बेतलेल्या तुकड्यांची पिशवी दाराशी नेऊन ठेवली. त्या गप्प बसल्या, की चिटणिसांना जेवण जात नसे. त्या रात्रीही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणीदारांचं घर उघडताच बाईंनी रीतसर तिकीट काढलं, दोरी उचलली, आत जाऊन स्टूल ओढलं आणि सुईत दोरा ओवला. चिटणीस धावत आले.

"अगं, हे काय चाललंय?"

"वस्तू बाहेर काढायची नाही ना? मी कुठे काढतेय? मीच आत आले." आणि मशीन खडखडू लागलं.

पाहायला आलेल्या एका जोडप्याला आधी तो पुतळाच वाटला. "काय हुबेहूब केलाय," असं बायको म्हणेपर्यंत पुतळ्याने दाताने दोरा तोडला. ही बातमी गावभर झाली. लोक जिवंत इतिहास पाहायला येऊ लागले. कुणी दोरीपलीकडून विचारलं, की एवढी पँट खालून दुमडून द्याल का. बाई कुणाला नाही म्हणणाऱ्या नव्हत्या. मग पडदे आले, फाटक्या पिशव्या आल्या, एका आजोबांची छत्री आली. आठवडाभरात दाराशी रांग लागली. प्रत्येक जण तिकीट काढून आत येत होता, त्यामुळे हसावं की रडावं ते चिटणिसांना कळेना. बाईंचं मात्र झबल्यांचं काम या गर्दीत मागे पडत चाललं, आणि तिकडे भाचीचा निरोपावर निरोप.

अशात एका सकाळी मंडळातले इतिहासाचे मास्तर पाटीसमोर उभे राहून डोकं खाजवू लागले.

"चिटणीस, मोजणीदारांचं लग्न कुठे झालं होतं? ते आजन्म ब्रह्मचारी."

चिटणिसांनी कपाळाला हात लावला आणि खिशातली किल्ली काढून पाटीवरचं 'पत्नी' खरवडायला घेतलं. अर्धं खरवडून झालं असेल-नसेल, तोच मागून कुणीतरी विचारलं, "चिटणीस आपणच का?"

खात्याचे साहेब आले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, घड्याळापाशी बसलेले सासरे पाहिले, पाटी पाहिली. मग बाईंकडे पाहून म्हणाले, "आणि या कोण?"

चिटणिसांनी किल्ली खिशात टाकली. पत्नी म्हणावं तर मोजणीदारांना पत्नी नव्हतीच. आई म्हणावं तर आपल्याच बायकोला आई कसं म्हणायचं?

"मावशी," ते म्हणाले. "मोजणीदारांच्या मावशी. म्हणजे, तशा भूमिकेत."

"अस्सं." साहेबांनी खुर्ची ओढली. "मग सांगा मावशी, कसे होते तुमचे मोजणीदार?"

मशीन थांबलं. बाईंनी एक खरा शब्द उच्चारला असता, तर मशीन त्याच दिवशी घरी गेलं असतं आणि मोजणीदारांच्या घरात पाइप आले असते. साहेबांच्या पाठीमागे चिटणिसांनी दोन्ही हात जोडले. बाईंनी त्यांच्याकडे पुरेसा वेळ पाहून घेतलं.

"काय सांगू साहेब," त्या म्हणाल्या. "अख्खं गाव मोजलं पोराने, पण स्वयंपाकघरात मिठाचा डबा कुठे असतो, ते मरेपर्यंत सापडलं नाही त्याला."

मग त्या सांगतच सुटल्या. पोराला लोकांच्या हद्दी तोंडपाठ, पण घरातलं कपाट कुणाचं नि खण कुणाचा, याचा पत्ता नाही. भाजीत काय कमी आहे ते सांगेल, पण काय होतं ते विचारलं तर आठवणार नाही. लग्न होऊन इतकी वर्षं बाईंनी यजमानांना 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. आता साऱ्या गावासमोर 'तो' आणि 'पोरगा' म्हणताना बाईंच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, थोरांची घरं मी खूप पाहिली, सगळीकडे पलंग आणि तलवारी. माणूस आज पहिल्यांदाच भेटला. घर मंडळाकडेच राहील, मात्र मावशी रोज हव्यात. कोटाचं सुटलेलं बटण लावून घेऊन ते गेले.

सभा तिथेच उभ्या-उभ्या झाली. मास्तर काकुळतीने म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच तारा."

बाई मशीनवर हात ठेवून म्हणाल्या, "हे आत्ता घरी जाईल. इथे तुम्ही दुसरं आणा, घरच्या बाईला विचारून. आणि मला मंडळात घ्या. कुठली वस्तू आत येणार, ते यापुढे मी सांगेन."

ठराव एकमताने झाला. मांडला चिटणिसांनीच. मशीन आलं त्याच हातगाडीवरून घरी गेलं, बाईंनी दोन दिवस दार लावून झबली पुरी केली, आणि ती पोहोचली त्याच संध्याकाळी भाचीला मुलगी झाली. मास्तरांच्या घरचं मशीन दोरीच्या आत आलं. मास्तरीणबाईंना रीतसर विचारलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात चिटणीस बाहेरून दमून आले आणि बसायला म्हणून वळले, तर त्यांची आरामखुर्ची जागेवर नव्हती. कुठे गेली असेल, हे समजायला त्यांना वेळ लागला नाही. ते तसेच वर्तमानपत्र बगलेत घेऊन निघाले. मोजणीदारांच्या घरात मशीनशेजारी खुर्ची होती आणि तिला कोरी करकरीत पाटी होती: 'मोजणीदार येथे आराम करीत'.

"न विचारता आणलीस?"

"जुनी होती," बाई शिवता शिवता म्हणाल्या.

पाय दुखत होते. चिटणीस दोरी ओलांडून खुर्चीत बसले. तेवढ्यात एक पाहुणी मुलाबाळांसह आत आली.

"अगंबाई, हे कोण?"

"हाच माझा भाचा. मोजणीदार."

"यांचं लग्न का हो नाही झालं?"

बाईंनी सुईत दोरा ओवला.

"माणूस तसा वाईट नाही. पण न विचारता दुसऱ्याच्या वस्तू उचलून न्यायची खोड. कोण देणार मुलगी?"

पाहुणीने दोरीवरून वाकून चिटणिसांना नीट निरखलं.

"हो," ती म्हणाली, "चेहऱ्यावर दिसतंच."