लाडवांच्या डब्यातला बोल्ट

आमच्या घरात बंदुकीचं लायसन्स माझ्या नावावर आहे. नवऱ्याच्या नावावर लायब्ररीचं कार्ड आहे, तेही मुदत संपलेलं!

हसू नका. न्यूझीलंडात टौरंगाजवळच्या ज्या किवीफ्रूटच्या बागेच्या ऑफिसात मी काम करते, तिथे ससे आणि पॉसम कोवळ्या वेलींचा फडशा पाडतात. मालकीणबाईंनी नेम धरायला शिकवलं, मी परीक्षा दिली, पास झाले. मग पोलिसबाई घरी आल्या आणि नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बायकोच्या हातात बंदूक असेल तर तुम्हाला सुरक्षित वाटेल का?" आमचे बाळासाहेब विचारात पडले. इतका वेळ, की बाईंचा चहा गार झाला! शेवटी म्हणाले, "मेल्यावरच कळेल." बाईंना विनोद कळला म्हणून बरं.

तर २०१८च्या दसऱ्याआधी ब्लेनमहून माझ्या मैत्रिणीचा, सुलेखाचा फोन. आम्ही उत्तर बेटावर, ती दक्षिण बेटावर, मध्ये समुद्र.

"स्नेहे, दरवर्षी आम्ही शस्त्रपूजनाला हरीशचं ड्रिल मशीन आणि चार लॅपटॉप मांडतो. देवी काय म्हणत असेल! या वेळी तुझी खरी रायफल आण. मी चाळीस लोकांना सांगून बसलेय."

"आणते की!" मी म्हणाले. "कायदा मला तोंडपाठ आहे."

आणि होताच! बंदूक कुणाच्या नजरेला पडता कामा नये. गोळ्या वेगळ्या. बोल्ट, म्हणजे बंदुकीचा तो दांडीवाला लोखंडी तुकडा, ज्याच्याशिवाय ती नुसती काठी, तो काढून वेगळा. गोळ्या मी घरीच तिजोरीत ठेवल्या. रायफल सतरंजीत गुंडाळून गाडीच्या डिकीत. आणि बोल्ट? तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बेसनाच्या लाडवांच्या डब्यात, तळाशी. बाळासाहेबांना डायबेटिस. सगळ्या जगात त्या डब्याला हात न लावणारा हाच एक माणूस!

वेलिंग्टनला फेरीबोटीच्या काउंटरवर मी ताठ मानेने सांगितलं, "एक रायफल आहे." दाढीवाल्या माणसाने लायसन्स पाहिलं, लिहून घेतलं आणि म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत 'एकदम झकास'. बाळासाहेब मात्र असे घामाघूम, जणू आम्ही तोफ घेऊन निघालोय.

गाडी खाली कुलपात, खाऊची पिशवी वर आमच्याबरोबर. मी बोट लागू नये म्हणून गोळी घेतली आणि झोपले. जाग आली तेव्हा पलीकडचं पिक्टन बंदर आलं होतं. पिशवी उचलली तर हलकी!

"अहो, डबा कुठाय?"

"लाडवांचा ना? दिला!" चेहऱ्यावर केवढं समाधान! "अगं, एक इतकं छान मराठी कुटुंब भेटलं. बिचाऱ्यांच्या घरी यंदा सणाचं काहीच केलेलं नव्हतं."

"त्यात बोल्ट होता!"

"कसला बोल्ट?"

"तिचा! खालचीचा!"

बाळासाहेब शेजारच्या खुर्चीवर बसले. ती रिकामी नव्हती. तिच्यातल्या माओरी आजींनी "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणून जागा करून दिली.

बोल्ट हरवला तर पोलिसांना कळवायला हवं, आणि 'कुठे ठेवला होता?' या प्रश्नाचं उत्तर ऐकून कुठला पोलीस लायसन्स ठेवेल? वर सुलेखाचे चाळीस लोक!

"नाव काय त्यांचं?"

"विचारलं नाही."

"तास दीड तास गप्पा मारल्या आणि नाव नाही विचारलं?"

"पण त्या बाईची आत्या आपल्या कोथरूडच्या सोसायटीत राहते, बी विंगला. आणि आत्याचे गुडघे बदललेत."

आपल्या लोकांना गुडघे माहीत असतात, नाव नाही! तोवर बाकीच्या सगळ्या गाड्या बोटीतून उतरून गेल्या. पुण्यात पहाटेचे पाच वाजले होते. मी दिराला उठवलं. सुरेशभावजी झोपेत म्हणाले, "वहिनी, कोण गेलं?"

"कुणी नाही! बी विंगमधल्या नव्या गुडघ्यांच्या आत्या शोधा!"

वीस मिनिटांत फोन आला. आत्या मैदानावर चालायला गेलेल्या सापडल्या होत्या (गुडघे छान बसलेत म्हणे), त्यांनी भाचीचा नंबर दिला होता. पण मधल्या वीस मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर पसरलं होतं की बाळच्या बायकोने लाडवांतून बंदूक पाठवली! सासूबाईंचा मेसेज आला: "सून म्हणून तुला काही कमी केलं का आम्ही?"

मी भाचीला फोन लावला. विमल तिचं नाव. नवऱ्याचं काशिनाथ.

"अय्या, तो दांडा होय!" विमल म्हणाली. "मला वाटलं, सोऱ्याचाच काहीतरी भाग चुकून राहिला. मी ह्यांना म्हटलं सुद्धा, केवढ्या दणकट चकल्या करत असतील या!"

ते ब्लेनमच्या अलीकडे कॉफी प्यायला थांबले होते. आम्ही सुसाट निघालो. वाटेत बाळासाहेब हळूच म्हणाले, "पोलिसांनी विचारलं तर डबा मीच भरला म्हणून सांगेन."

"तुम्हाला लाडू वळता येतात का? पहिल्या प्रश्नात पकडले जाल."

पण त्यांचा हात मी गिअर बदलेपर्यंत हातात धरून ठेवला. माणूस लायब्ररीचा असला तरी आपला आहे.

विमलने डबा दिला, अर्थात रिकामा नाही! चिवड्याने शिगोशीग भरलेला, आणि चिवड्यात रुतलेला, शेंगदाण्यांनी वेढलेला माझा बोल्ट. मी तो तिथेच, भर रस्त्यात छातीशी धरला. काशिनाथ म्हणाला, "वहिनी, सोऱ्यावर इतकं प्रेम मी पाहिलं नव्हतं."

खरं सांगितल्यावर दोघंही पूजेला आले!

पूजा थाटात झाली. सुलेखाने दिवाणखान्याचे पडदे ओढून घेतले, रायफल पाटावर ठेवली, शेजारी बोल्ट. हळद-कुंकू, झेंडू, आपट्याच्या पानांऐवजी कसलीतरी न्यूझीलंडी पानं. चाळीस जणांनी मुठीमुठीने अक्षता टाकल्या. माझी मान इतकी ताठ झाली, की रात्री बाम चोळावा लागला.

परतताना पिक्टनच्या काउंटरवर चष्म्याच्या बाई होत्या. "रिकामी आहे ना? जरा दाखवता?" मी म्हणाले, "खुशाल बघा!" आणि कुंकवाने माखलेली रायफल ऐटीत तिरकी केली.

टिप, टिप, टिप. आतून काहीतरी काउंटरवर पडलं.

गेलं लायसन्स! मी डोळेच मिटले.

बाईंनी चष्मा पुढे ओढला, एक दाणा बोटावर घेतला, वास घेतला आणि पेन उचललं. त्या रजिस्टरात माझ्या नावासमोर आजही स्वच्छ अक्षरात असेल: रायफल, एक. दारूगोळा: तांदूळ, पिवळा, न शिजवलेला.