भीमाबाईंचं स्टूल

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंबरदुखीवरचं मलम तयार होतं, आणि ते खोक्यांत भरणाऱ्या भीमाबाईंची कंबर दुखते. पट्ट्यावरून ट्यूब येत राहतात आणि त्या अख्खी पाळी उभ्यानं भरत राहतात. त्यांनी बसायला एक स्टूल मागितलं. मागणी एवढीच होती.

सुरक्षा अधिकारी राकेश साहेबांनी प्रकरण गांभीर्यानं घेतलं आणि स्टुलाऐवजी मलमाची ट्यूब मंजूर केली. मलमाच्या कारखान्यात कंबरदुखीवर स्टूल देणं म्हणजे आपल्याच मालावर अविश्वास दाखवणं, असं त्यांनी समजावलं. भीमाबाईंना ते पटलंही. विठ्ठलवाडीला घरी जाऊन त्यांनी मलम चोळून घेतलं, सकाळी पुन्हा पट्ट्यापाशी उभ्या राहिल्या, आणि दुपारपर्यंत कंबर धरली.

"साहेब, गुण नाही आला," त्या म्हणाल्या.

साहेबांनी आधी दार लावलं. "मावशी, हळू बोला. आता हा तुमच्या कंबरेचा प्रश्न राहिला नाही, मालाच्या दर्जाचा झाला."

ट्यूब तपासणीला गेली. मलम निर्दोष निघालं. तेव्हा दोष कंबरेत असणार, हे उघडच होतं. सदोष कंबरेच्या बाईला कामावर ठेवावं का, यावर बैठक बोलावली गेली. साहेब लोक बसले; भीमाबाईंना दाराशी उभं राहायला सांगितलं. आत बोलावण्याआधी शेजारी काम करणाऱ्या पायलनं त्यांना कोपरानं ढोसलं. "मावशी, बरं वाटतंय म्हणून टाका ना. नोकरी जाईल. दुखायचं ते दुखू दे गपचूप."

"बरं वाटतंय, साहेब," भीमाबाईंनी आत जाऊन सांगितलं.

साहेबांना भरून आलं. मलमानं बरं झालेलं माणूस कारखान्यात प्रथमच सापडलं होतं. लगेच जाहिरातवाले आले. बरी झालेली बाई निवांत बसलेली दिसावी म्हणून त्यांनी येताना स्टूल आणलं. भीमाबाई टेकल्या. कंबर सैल झाली आणि चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की फोटोवाल्याला हसा म्हणावंच लागलं नाही. फोटो झाल्यावर स्टूल टेम्पोत चढवून ते घेऊन गेले.

आता ते हसू प्रत्येक खोक्यावर आहे, आणि ती खोकी भीमाबाई उभ्यानं भरतात. कोणी स्टूल मागितलं, की साहेब खोकं पुढे करतात.

मलम जोरात खपतंय. तुमच्याही घरात असेल. काढून बघा, बाई किती आरामात बसलीय. तिच्याकडे बघूनच तर तुम्ही ते घेतलंत.